दार बसलं म्हणजे पक्कं झालं? विमानाच्या दाराच्या कामात या चुका टाळा

नाशिकच्या सातपूर, अंबडच्या कारखान्यांत घडवलेले हात उद्या ओझरच्या विमान कारखान्यात विमानावर काम करतील, म्हणून हे लिहितोय.

5 जानेवारी 2024. अमेरिकेत पोर्टलंडहून उडालेल्या बोइंग 737-9 मॅक्सच्या न वापरायच्या दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल सुमारे 14,800 फुटांवर निखळलं. 177 जण होते, सगळे वाचले. पॅनेलचे चारही बोल्ट उड्डाणाआधीच नव्हते, असं तपासात निघालं. तरी विमानाच्या दीडशेच्या आसपास फेऱ्या झाल्या होत्या!

इथेच पहिली चूक होते: इतके दिवस टिकलंय म्हणजे बरोबर बसलंय, असं धरून चालणं. केबिनमधली हवा पॅनेलला बाहेर रेटते, तो भार चौकटीवरचे 12 आधार झेलतात. बोल्टांचं काम एवढंच, की पॅनेल वर सरकून त्या आधारांवरून सुटू नये. बोल्ट नसले तरी दार बंदच दिसतं आणि दर फेरीला ते थोडंथोडं वर सरकत राहतं. वरून इन्सुलेशन आणि केबिनची भिंत असल्यामुळे पाहणाऱ्याला काही कळत नाही.

दुसरी चूक मला जास्त छळते. सप्टेंबर 2023 मध्ये बोइंगच्या रेंटनमधल्या कारखान्यात रिव्हेट (पत्रे जोडणारे खिळे) दुरुस्तीसाठी ते पॅनेल उघडलं, पण उघडल्याची नोंदच झाली नाही. मग बंद केल्यावर तपासायचं कोणी?

आमच्या शॉपमध्ये एका सकाळी बेंचवर वेस्टच्या कापडात गुंडाळलेले दोन बोल्ट आणि एक वाकडी कॉटर पिन (नट फिरून सुटू नये म्हणून घालतात ती) सापडली. रात्रपाळीने प्रेस मशीनचं कव्हर उघडलं होतं आणि तोंडी सांगून घरी गेले होते. प्रेस चालू होती. माझे पाय लटपटले.

म्हणून पाना उचलायच्या आधी काय उघडताय ते जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहा. काढलेले बोल्ट मोजून पिशवीत भरा, पिशवी त्याच भागाला लाल टॅगने बांधा. कॉटर पिन दर वेळी नवी वापरा.

बोल्ट नजरेने जुळवू नका. 1990 मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या एका विमानाची पुढची काच हवेत उडाली. 90 पैकी 84 बोल्ट कमी जाडीचे निघाले. जुन्या बोल्टाशी डोळ्यांनी जुळवून घेतलेले होते ते. पार्ट नंबर वाचा.

आणि भिंत लावण्याआधी, ज्याने काम केलं नाही अशा माणसाला टॉर्च घेऊन आत बघायला लावा. एकेका बोल्टावर बोट ठेवून मोठ्याने मोजू दे, मगच सही घ्या.