उन्हाळ्यातील रविवारची सायकलस्वारी: मराठवाड्यात या चुका टाळा

रविवारच्या सायकलस्वारीचे गणित आपण बहुतेक जण जाण्याच्या बाजूने मांडतो. किती किलोमीटर जायचे, कोणत्या गावी चहा घ्यायचा, कोणता घाट चढायचा हे ठरले की बेत पक्का झाला असे आपल्याला वाटते आणि परतीचा विचार वाटेत होतो. दिवाळीनंतरच्या थंडीत हे खपून जाते. होळी झाली की मात्र मराठवाड्यात ही मांडणीच पहिली चूक ठरते, कारण येथे उन्हाळ्यात जीव घेणारा भाग असतो तो परतीचा. पहाटे जो रस्ता गार आणि मोकळा वाटला, तोच चार तासांनंतर भट्टीसारखा तापलेला असतो, आणि तेव्हा आपल्या पायांत निम्मे बळ उरलेले असते.

मे महिन्यात संभाजीनगरला सहाला सुमारे दहा मिनिटे कमी असताना सूर्य उगवतो आणि नांदेडला त्याहूनही सात-आठ मिनिटे आधी. कमाल तापमान दुपारी तीनच्या आसपास नोंदवले जात असले, तरी अंगाला जाचणारे ऊन नऊ-साडेनऊलाच सुरू होते. हवामान खाते जो आकडा देते तो सावलीतल्या जाळीदार पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर मोजलेला असतो. उघड्या डांबरावरचा सायकलस्वार वरून ऊन आणि खालून धग असे दोन्ही सोसत असतो, हे तो आकडा सांगत नाही. शिवाय मेच्या तिसऱ्या आठवड्यात संभाजीनगरला शून्य सावलीचा दिवस येतो. त्याच्या आगेमागे कितीतरी दिवस अकरा वाजल्यानंतर कडुलिंबाची सावली बुंध्याशी गोळा झालेली असते, रस्त्यावर ती पडतच नाही. जाताना ज्या झाडांच्या भरवशावर आपण राहिलो, ती झाडे परतताना उपयोगी पडत नाहीत.

म्हणून बेत उलटा आखावा. नऊ वाजता घराच्या दारात उभे राहायचे, असे आधी ठरवावे आणि तेथून मागे मोजत यावे. सव्वापाचला निघालात तर हाती पावणेचार तास असतात. परतीची गती जाण्याच्या गतीपेक्षा कमीच धरावी, म्हणजे सात वाजता वळणे भाग आहे. त्या वेळी ठरलेले ठिकाण दोन किलोमीटरवर राहिले असले तरी वळावे. 'एवढे आलोच आहोत तर' या चार शब्दांनी जितके लोक उन्हात सापडतात, तितके दुसऱ्या कशाने सापडत नसतील असे माझे मत आहे. काळोखात निघताना पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवा, हे वेगळे सांगायला नको.

वळण्याचे ठिकाण निवडताना चढ-उताराकडे पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. संभाजीनगरहून वेरूळ हे सुमारे तीस किलोमीटरचे अंतर सर्वांच्या आवडीचे आहे. दौलताबादनंतर घाट चढून खुलताबाद येते आणि तेथून वेरूळपर्यंत उतार लागतो. हा उतार सकाळी सुखाचा वाटतो, पण परतताना तोच चढ होऊन समोर उभा राहतो. उन्हाळ्यात खुलताबादलाच वळावे, म्हणजे परतीची वाट उताराची मिळते. ज्या मार्गावर परतीला चढ आहे तो मार्ग एप्रिल-मेमध्ये घेऊ नये, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे, आणि तो एका वाईट अनुभवानंतर केला आहे.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी आणि माझा एक मित्र साडेसहाला, म्हणजे चांगलेच उशिरा, वेरूळला निघालो. चहा-नाश्ता आणि गप्पा यांत वेळ गेला आणि परत निघायला पावणेदहा वाजले. खुलताबादच्या चढावर आमची गती इतकी मंद होती आणि पश्चिमेचा वारा पाठीमागून इतक्याच गतीने येत होता, की अंगाला वारा म्हणून लागत नव्हता. सायकलवर आपल्याला उकाडा कमी जाणवतो तो या समोरच्या वाऱ्यामुळे, आणि तो थांबला की घाम वाळत नाही आणि शरीर गार होत नाही. चढावर एका वळणाला आम्ही थांबलो तेव्हा मित्र हेल्मेटचा पट्टा सोडवू पाहत होता. बकलाची दोन्ही टोके त्याच्या बोटांत होती, पण ती दाबायची कशी हे त्याला सुचत नव्हते. त्याच्या दंडावर काटा आला होता आणि 'आपण दौलताबादला पोहोचलो का' असे त्याने मला दोनदा विचारले. त्याच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, म्हणून हा नुसता थकवा आहे असे मी समजलो. ती माझी चूक होती आणि ती सर्वांत गंभीर चूक होती.

घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. घरात बसलेल्या वृद्धांना ऊन लागते तेव्हा त्वचा बहुधा कोरडी पडलेली असते. कष्ट करताना होणाऱ्या उष्माघातात मात्र माणूस घामाने निथळत असू शकतो. त्यामुळे पाहायचे ते घामाकडे नव्हे, तर बोलण्या-वागण्याकडे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे येणे ही थांबण्याची पहिली सूचना असते आणि तेवढ्यावर सावली, पाणी आणि विश्रांती यांनी बहुतेकदा भागते. पण बोलणे असंबद्ध झाले, साधे काम जमेनासे झाले, तोल जाऊ लागला किंवा उन्हात हुडहुडी भरली, तर शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले असल्याचे धरून चालावे. सोबत्याला आज वार कोणता, मागचे गाव कोणते, असे साधे प्रश्न विचारावेत. उत्तर अडखळले तर सायकलस्वारी तेथेच संपली.

अशा वेळी दवाखान्याकडे धाव घेण्याआधी अंग गार करायला सुरुवात करायची असते. १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नये. सावलीत आडवे करून हेल्मेट, बूट आणि शर्ट काढावा, मिळेल ते पाणी सर्वांगावर ओतावे आणि कापडाने सतत वारा घालावा. बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघा येथे ठेवावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. बाजूच्या शेतातील एक वृद्ध शेतकरी आमच्याकडे पाहून घागर घेऊनच आले. 'ह्या उनात कुठं हिंडू ऱ्हायले, बाबांनो?' एवढेच म्हणून त्यांनी अर्धी घागर मित्राच्या डोक्यावर आणि छातीवर रिती केली, खांद्यावरचे उपरणे भिजवून त्याच्या पाठीवर टाकले आणि मला पुठ्ठ्याने वारा घालायला लावले. वीस मिनिटांनी मित्र शुद्धीने बोलू लागला. आम्ही टेम्पोतून परतलो आणि त्याला थेट डॉक्टरांकडे नेले, कारण बरे वाटू लागल्यानंतरही मूत्रपिंड आणि यकृत यांची तपासणी आवश्यक असते.

'तहान लागेल तेव्हा पाणी पिऊ' असे म्हणणे

आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे घाम आला तसा उडून जातो आणि किती पाणी गेले हे कळत नाही. टी-शर्टवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात तेव्हाच ते ध्यानात येते. उन्हात बेताच्या गतीने सायकल चालवतानाही तासाला एक लिटरच्या आसपास घाम सहज जातो. सायकलला लावलेल्या पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे जेमतेम दीड तासाची सोय झाली. दर पंधरा मिनिटांनी चार-पाच मोठे घोट, तासाला साधारण सहाशे ते आठशे मिलिलिटर, हे प्रमाण पोटाला पेलते. आपल्याला नेमके किती लागते हे ठरवायचे असेल तर निघण्यापूर्वी आणि आल्यावर कमी कपड्यांत वजन करावे. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे सुमारे एक लिटर पाणी कमी प्यायलात, असे समजावे.

याच्या उलट चूकही घडते आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. तीन-चार तास नुसते साधे पाणी पोटभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते आणि डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी जवळपास उन्हाच्या त्रासासारखीच लक्षणे दिसतात. बोटातली अंगठी घट्ट होणे, मनगटावर घड्याळाचा पट्टा रुतणे आणि वजन घटण्याऐवजी वाढणे या खुणा दिसल्या तर आणखी पाणी देऊ नये आणि डॉक्टरांना गाठावे. दीड तासापेक्षा लांब फेरी असेल तर एका बाटलीत ओआरएस असावे. पुडीवर लिहिलेले पाण्याचे प्रमाण काटेकोर पाळावे, घट्ट केले म्हणजे जास्त गुण येतो असे नाही. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ आणि चवीला लिंबू पुरते, चमचा चहाचा. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मीठ वाढवण्यापूर्वी आणि लघवी वाढवणारी गोळी घेत असलेल्यांनी उन्हात निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

निघण्यापूर्वी कैरीचे पन्हे किंवा मीठ घातलेले ताक घेणे उत्तम आहे. ताक बाटलीत भरून मात्र नेऊ नये, दोन तासांत ते आंबते. रसवंतीवर थांबून एका दमात दोन ग्लास रस पिण्याची सवय मला स्वतःला फार कष्टाने सोडावी लागली. त्या रसातील साखर ओआरएसच्या कितीतरी पट असते, ती पोटात रेंगाळते आणि पुढच्या चढावर मळमळते. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हा प्रश्न निराळाच. अर्धा ग्लास बिनबर्फाचा घ्यावा आणि वर साधे पाणी प्यावे.

पिण्याचे पाणी आणि अंगावर घ्यायचे पाणी वेगळे मानावे. हातपंपाचे किंवा टाकीचे पाणी पोटात घेण्याची शंका वाटली तरी ते डोक्यावर, मानेवर आणि हातांवर ओतायला काहीच हरकत नसते, आणि आपल्या कोरड्या हवेत त्याचा लाभ कोकणापेक्षा कितीतरी अधिक मिळतो. माठ आणि कूलर जसे गार करतात तसेच ओले उपरणेही करते. बाटलीवर एक जुना सुती मोजा चढवून तो भिजवून ठेवा. वारा लागत राहिला तर तासाभरानेही पाणी पिण्याजोगे राहते, उघड्या बाटलीतले मात्र चहासारखे कोमट होते.

आठवडाभर वातानुकूलित खोलीत, रविवारी थेट उन्हात

शरीराला ऊन सोसायची सवय लागते, पण त्यासाठी साधारण दहा ते चौदा दिवस रोज तासभर उष्णतेत हालचाल व्हावी लागते. या काळात घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते आणि हृदयाचे ठोके आवरतात. दोन-तीन आठवडे खंड पडला की हे कमावलेले निसटते. केवळ रविवारी बाहेर पडणाऱ्याला ही सवय लागतच नाही, आणि मागच्या मेमध्ये शंभर किलोमीटर केले होते हा आधार यंदा चालत नाही. मार्चअखेरीपासून आठवड्यात चार-पाच संध्याकाळी अर्धा-पाऊण तास हळू सायकल चालवून शरीर तयार करावे. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेले असतील, रात्री जागरण झाले असेल किंवा मद्य घेतले असेल, तर त्या रविवारी घरीच थांबावे. हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला असेल तेव्हाही तसेच. परभणी-नांदेडकडे असे दिवस येतात.

कपड्यांबद्दल थोडक्यात: फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, सैलसर आणि पटकन वाळणारा शर्ट घालावा. जाड सुती शर्ट घामाने चिंब होऊन अंगाला चिकटतो. हवा खेळणारे हेल्मेट उन्हात काढून हँडलला अडकवू नये.

टायरमध्ये हवा ठासून भरणे

पहाटे २५ अंशांत ८० पौंड हवा भरलेला टायर तापून ५५ अंशांवर गेला तर आतला दाब नऊ-दहा पौंडांनी वाढतो. म्हणून टायरवर लिहिलेल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा भरू नये, थोडी जागा सोडावी. सायकल टेकवून चहाला बसताना ती सावलीत ठेवावी.

त्याहून मोठा उपद्रव काट्यांचा आहे. बाभळीचा काटा आणि सराटा उन्हाळ्यात वाळून कडक होतात, आणि कडेच्या मुरमावर सायकल उतरवली की दोन्ही चाके सापडतात. उन्हात घाईने ट्यूब बदलून हवा भरली आणि पाच मिनिटांत ती पुन्हा बसली, असे झाले तर नव्वद टक्के वेळा काट्याचे टोक टायरच्या आत राहिलेले असते, असा माझा अनुभव आहे. ट्यूब घालण्यापूर्वी कापूस किंवा रुमालाची कड टायरच्या आतून पूर्ण फिरवावी, जेथे धागा अडकेल तेथे टोक सापडते. नुसते बोट फिरवू नये. पंक्चरच्या डबीतले सोल्युशन एकदा उघडल्यावर उन्हाळ्यात फार लवकर वाळते, म्हणून निघण्यापूर्वी नळी दाबून पाहावी. एक अखंड ट्यूब सोबत असणे सर्वांत चांगले, कारण बिनसावलीच्या रस्त्यावर ठिगळ वाळण्याची वाट पाहणे परवडत नाही.

पहाट जमत नाही म्हणून पुष्कळ जण संध्याकाळी पाचला निघतात. त्या वेळी डांबर तापलेलेच असते, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग नेमके तेव्हाच जमतात. गडगडाट ऐकू आला तर उघड्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे.

घरी पोहोचल्यावर गार पाण्याने अंघोळ केल्यास सर्दी-पडसे होते या भीतीने घामाने भिजलेले अंग तसेच ठेवणे योग्य नाही. अंग गार करणेच हिताचे असते. पाणी घटाघटा न पिता दोन-तीन तासांत विभागून प्यावे आणि सोबत ताक-भाकरी किंवा वरण-भात असे मीठ असलेले जेवण घ्यावे. दुपारपर्यंत लघवी फिकी झाली नाही, गडद पिवळीच राहिली, तर पाणी अजून कमी पडले आहे. ती चहासारखी किंवा तांबूस झाली आणि स्नायू दुखत असतील, तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.