हिमगाळाखालच्या कातळाचा नकाशा काढताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या ओहायो, इंडियाना, इलिनॉय या राज्यांत हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेल्या गाळाखाली जुन्या दऱ्या गाडल्या गेल्या आहेत. इलिनॉयमधल्या मेहोमेट दरीतली वाळू-खडी आज कित्येक गावांना पाणी पुरवते. तिथे कातळाचा अंदाज चुकला, तर पाण्याचा हिशेबही चुकतो.

सगळ्यात घातक चूक म्हणजे कातळ न लागलेल्या बोअरच्या नोंदी टाकून देणे. दरीत वाळूतच पाणी मिळतं, त्यामुळे बोअर तिथेच थांबतो. या नोंदी गाळल्या की उंचवट्यांवरचेच बिंदू उरतात आणि नकाशात दरी बुजून जाते. ६० मीटरचा बोअर वाळूत संपला, म्हणजे कातळ त्याहून खाली आहे, ही पक्की माहिती झाली. आधी कातळ लागलेल्या बोअरांवरून कातळाचा पृष्ठभाग काढा. जिथे तो अशा अपुऱ्या बोअरच्या तळापेक्षा वर येतो, तिथे त्या तळाची उंची बिंदू म्हणून घाला आणि पृष्ठभाग पुन्हा काढा. दोन-तीन फेऱ्या लागतात. तरीही तिथला आकडा कमाल उंचीचाच असतो. प्रत्यक्षात कातळ आणखी खोल असू शकतो.

‘कातळ लागला’ ही नोंदही तपासून घ्या. हिमगाळात घरातल्या खोलीएवढे मोठे धोंडे सापडतात. निदान ३ मीटर आत जाऊनही बोअरमधून वर येणारा चुरा एकाच खडकाचा असेल, तर भरवसा ठेवा. चुनखडीच्या प्रदेशात चुऱ्यात ग्रॅनाइटचे तुकडे मिसळलेले दिसले, तर बोअर अजून गाळातच आहे.

जुन्या नोंदींत जागा कधी कधी पाव सेक्शनपर्यंतच (सेक्शन म्हणजे अमेरिकी जमीन मोजणीतला एक मैल बाजूचा चौकोन) दिलेली असते. हा पाव चौकोन सुमारे ८०५ मीटर बाजूचा. बिंदू मध्यावर ठेवला तर कोपऱ्यातला बोअर ५०० मीटरहून जास्त सरकतो, आणि दरीच्या उतारावर एवढ्यात सगळं बिघडतं. नकाशा खोलीचा नको, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा काढा: लायडारवरून (विमानातून लेसरने केलेल्या मोजणीवरून) जमिनीची उंची घ्या, त्यातून खोली वजा करा. फूट आणि मीटर मिसळू देऊ नका.

बोअर नसतील तिथे जमिनीची नैसर्गिक कंपनं मोजतात. त्यांच्या आलेखात जिथे शिखर येतं ती वारंवारता घ्या. खोली = गाळातल्या कातरतरंगांचा (जमीन आडवी हलवत जाणाऱ्या लहरींचा) वेग ÷ (४ × वारंवारता). १.५ हर्ट्झला वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर खोली ५० मीटर, ४०० धरला तर ६७. म्हणून पुस्तकातला वेग वापरू नका. खोली ठाऊक असलेल्या बोअरशेजारी मोजून तो ठरवा. कातळ मऊ शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) असेल तर मात्र हे शिखर अस्पष्ट येतं.

शेवटी संगणकाने काढलेल्या रेषा हाताने तपासा. एकेका बोअरभोवती गोल खड्डे उमटले असतील तर ते बहुधा नोंदी विरळ असल्यामुळे आलेले असतात. पण सगळेच खड्डे जोडून सलग नदी करू नका, कारण बर्फ कातळात बंद खळगेही कोरतो.