लीन सॉफ्टवेअर: हातातल्या कामाला मर्यादा कशी घालायची

लीन म्हणजे नासाडी टाळून काम करायची पद्धत; त्यातली पहिली पायरी म्हणजे एका वेळी हातात किती कामं असतील याला मर्यादा घालणं. त्यासाठी टूल विकत घेऊ नका. एक बोर्ड घ्या, त्यावर रकाने आखा: ठरलेलं, डेव्हलपमेंट, रिव्ह्यू, टेस्टिंग, रिलीज. एका कामाची एक चिठ्ठी, तिच्यावर सुरू केल्याची तारीख. अर्ध्या तासाचं काम आहे.

मग प्रत्येक रकान्यावर मर्यादेचा आकडा लिहा, म्हणजे तिथे एका वेळी जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या चालतील. टोयोटात ताइइची ओनो यांनी गरजेपेक्षा जास्त उत्पादन ही सगळ्यात वाईट नासाडी मानली. आपल्याकडे ती नासाडी म्हणजे लिहून झालेला, पण ग्राहकापर्यंत न पोचलेला कोड. संशोधक जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम इथे लागू पडतो: हातात सरासरी 12 कामं आणि आठवड्याला 3 पुरी होत असतील, तर एका कामाला सरासरी 4 आठवडे लागणारच. हातात 6 ठेवा आणि वेग तोच राहू द्या, 2 आठवडे लागतील. कोणाला जास्त राबवायची गरज नाही.

आकडा लिहिणं सोपं आहे. खरी परीक्षा टेस्टिंगचा रकाना भरतो त्या दिवशी होते. डेव्हलपरचं काम संपलेलं असतं, चिठ्ठी पुढे सरकत नाही, आणि मॅनेजरला माणूस रिकामा बसलेला दिसतो. बहुतेक टीम इथेच मोडतात. मीही इथे बराच अडखळलो आहे. ‘तोपर्यंत पुढचं घे’ हे वाक्य आलं की लीन संपलं.

नवीन काम घेऊ देऊ नका. डेव्हलपरने टेस्टरशेजारी बसावं, टेस्ट डेटा तयार करावा, बग लगेच दुरुस्त करावा, रोज हाताने होणारी तपासणी ऑटोमेट करावी. ‘हे माझं काम नाही’ असं म्हणणारा भेटेलच. त्याच्याशी आकडा ठरवतानाच बोलून घ्या, अडचणीच्या दिवशी नाही. ‘अडकलेलं’ असा वेगळा रकाना तर मुळीच करू नका, नकोशा चिठ्ठ्या तिथे लपतात. अडकलेली चिठ्ठी जागेवरच ठेवून लाल खूण करा आणि मर्यादेत मोजा. प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली सिस्टिम, बंद पडलं तरच मर्यादा ओलांडा, तीही एकाच चिठ्ठीसाठी. साहेबांचा फोन म्हणजे प्रॉडक्शन बंद पडणं नव्हे.

रोजच्या स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा, सगळ्यात जुनी चिठ्ठी आधी. महिनाभर एकही रकाना भरला नाही, तर मर्यादा सैल आहे; एकाने कमी करा.