नवं मांजर पलंगाखालून बाहेरच येत नाही?

रस्त्यावरून घरी आणलेलं मांजर सुरुवातीला दडी मारून बसतं. ते रुसलेलं नसतं, नव्या वासांचा नि आवाजांचा अंदाज घेत असतं. ओढून बाहेर काढू नका. एकाच खोलीत ठेवा, पुठ्ठ्याचं खोकं आडवं टाकून द्या, खाणं आणि शी-शूचा ट्रे लांब लांब मांडा. टक लावून पाहू नका (मांजरांना ती धमकी वाटते). त्यापेक्षा डोळे सावकाश मिटा, उघडा. तेही तसंच करू लागलं, की ओळख जमायला लागली समजा. रात्रीतून वाटी रिकामी होतेय ना, एवढं मात्र बघा. 24 तास तोंडाला काहीच लावलं नाही तर डॉक्टर गाठा. आणि बोका ट्रेमध्ये कुंथतोय पण लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबला असेल तर जिवावर बेततं.