एक्स्टेन्शन चालत नाही म्हणता? आधी या चुका टाळा

पेठांमधल्या लहान ऑफिसांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. ब्राउझरबद्दल किंवा एक्स्टेन्शनबद्दल (म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम) फोन आला की बहुतेक वेळा अपडेट कोणीतरी 'हुशारीने' बंद केलेलं निघतं.

परवा जुलैअखेर नारायण पेठेतल्या एका सीएच्या ऑफिसातून असाच फोन आला. रिटर्नची घाई आणि पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवणारं एक्स्टेन्शन, ढिम्म. आर्टिकलशिपच्या पोराने तो काढून पुन्हा टाकायचा सपाटा लावलेला, पण तुमचं क्रोम जुनं आहे म्हणून एक्स्टेन्शन मिळतात ते क्रोमचं स्टोअर तो घेऊच देईना. विंडोजच्या सर्व्हिसेस (मागच्या मागे चालणाऱ्या कामांची यादी) उघडल्या तर गूगल अपडेटच्या सगळ्या नोंदी डिसेबल्ड. 'नेट स्लो व्हायचं काका, व्हिडिओत सांगितलं होतं.' हे व्हिडिओवाले रिटर्न भरायला येणार आहेत का? गोम अशी, की एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीत किमान कुठलं क्रोम लागेल हे लिहिलेलं असू शकतं. तेवढं नसलं की आधीच बसवलेल्या एक्स्टेन्शनला अपडेट येतच नाही, आणि एररही दिसत नाही. सर्व्हिसेस ऑटोमॅटिकवर टाकल्या, हेल्पमधून अबाउट गूगल क्रोम उघडलं आणि रीलाँच होईपर्यंत कोणालाही माउसला हात लावू दिला नाही. घाई तिथेच नडते.

दुसरी चूक, ब्राउझर कधीच बंद न करणं. क्रोमचं अपडेट मागच्या मागे उतरतं, पण लागू होतं ते रीलाँचनंतर. मी रोज निघताना बंद करतो. टॅब जातील ही भीती असेल तर 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' चालू ठेवा.

'फ्लॅश (ब्राउझरमध्ये व्हिडिओ, गेम चालवणारा जुना प्रोग्राम) अपडेट करा' अशी खिडकी आली तर खिडकीच बंद करा. अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधार 31 डिसेंबर 2020 ला थांबवला.

मित्राच्या पेन ड्राइव्हवरून 'लोड अनपॅक्ड' करून, म्हणजे स्टोअरऐवजी थेट फोल्डरमधून टाकलेलं एक्स्टेन्शन आपोआप अपडेट होत नाही. फुकटातलं म्हणून ते टाकायचं आणि मग बोंबलायचं.

आता ऑटो अपडेटच धोक्याचं म्हणून कोणीतरी सायबरहेवन या डेटा सुरक्षेच्या कंपनीचं उदाहरण देईलच. डिसेंबर 2024 मध्ये त्यांच्या माणसाला फसव्या ईमेलने गाठून चोरांनी एक्स्टेन्शनची विषारी आवृत्ती स्टोअरवर चढवली, आणि ती ऑटो अपडेटनेच लोकांपर्यंत पोचली. खरं आहे. पण तिची दुरुस्तीही त्याच वाटेने आली. अपडेट बंद करून बसणाऱ्याला ती मिळत नाही. त्यापेक्षा एक्स्टेन्शनच कमी ठेवा. कूपन शोधणारी, वॉलपेपर बदलणारी माझ्या हाती लागली की मी न विचारता उडवतो. अपडेटनंतर एखादं एक्स्टेन्शन बंद पडून नवी परवानगी मागत असेल, तर ती वाचल्याशिवाय होकार देऊ नका. 'सगळ्या साइट्सवरचा डेटा वाचणं आणि बदलणं' कॅल्क्युलेटरला कशाला हवं?

विंडोज 7 वाल्यांनी मात्र यासाठी फोन करू नये. त्यांचं क्रोम 109 वरच थांबलंय.