सहकाऱ्यांचा अभिप्राय घेताय? या चुका टाळा

दर मार्चमध्ये तेच. एचआरकडून फॉर्मची लिंक येते, ‘सहकाऱ्याला 1 ते 5 गुण द्या’, आणि नाइट करून घरी निघालेली सिस्टर बसस्टॉपवर उभ्या उभ्या सगळ्यांना 4 देऊन मोकळी होते. याला अप्रेझल म्हणायचं!

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे लहान टीमला ‘नाव गुप्त राहील’ असं सांगणं. मी आयसीयूची इनचार्ज असताना एकीच्या फॉर्मवर कुणीतरी लिहिलं, ‘हँडओव्हर घाईत देते, अर्धं सांगते.’ खोटं नव्हतं. पण शिफ्ट बदलताना तिच्याकडून पेशंटची माहिती, म्हणजे चार्ज, घेणाऱ्या होत्याच दोघी. मी शहाणीनं तो कागद जसाच्या तसा तिच्या हातात दिला. संध्याकाळपर्यंत तिनं लिहिणारी ओळखली, तीही नेमकी चुकीची. मग ड्युटीची अदलाबदल बंद, डबा वेगळा आणि हँडओव्हर दोन वाक्यांत. आठवड्याभरात एका पेशंटचा पोटॅशियमचा रिपोर्ट यायचा राहिलाय, हे पुढच्या शिफ्टला सांगितलंच गेलं नाही. रेसिडेंट डॉक्टरांच्या राउंडला लक्षात आलं म्हणून निभावलं.

तेव्हापासून आठपेक्षा कमी माणसं असली की मी फॉर्म वाटत नाही. एकेकीशी बोलते. तीच गोष्ट दोघी-तिघींकडून आली तरच सांगते, तीही माझ्या शब्दांत, माझ्या नावावर. वेळ जातो, जाऊ दे. ‘मॅडम, ॲपवर पटकन होईल’ म्हणणाऱ्या नव्या मॅनेजरना मी आधी एक नाइट वॉर्डात काढायला सांगते.

दुसरी खोड, हे गुण इन्क्रिमेंटला जोडायची. पैसे आले की ‘तू मला 5 दे, मी तुला 5 देते’ सुरू. ब्रिटनमध्ये 2012 पासून डॉक्टरांना साधारण दर पाच वर्षांनी लायसन्स टिकवण्यासाठी रीव्हॅलिडेशन, म्हणजे पात्रतेची फेरतपासणी, करावी लागते, आणि त्या काळात सहकाऱ्यांचा अभिप्राय किमान एकदा घ्यावा लागतो. डॉक्टरच नाही, तर नर्स आणि इतर स्टाफचाही. पण त्यावर पास-नापास ठरत नाही. डॉक्टरनं तो वाचून काय बदललं, यावर कामाचा आढावा घेणाऱ्या अप्रेझरशी बोलणं होतं. आपल्याकडे फॉर्म उचलला जातो, बोलणं गाळलं जातं.

बाकीच्या किरकोळ. ‘स्वभाव चांगला आहे’ हा अभिप्राय नव्हे, प्रसंग विचारा. चुकीचं औषध दिलं गेलं तर ते त्याच दिवशी इन्सिडेंट रिपोर्टमध्ये, मार्चपर्यंत साठवायचं नाही. वर्षभराचं विचारलंत तर मागच्या पंधरवड्याचंच भांडण मिळेल. मी दर तीन महिन्यांनी डायरीत दोन ओळी टिपते.

आणि मावशी, वॉर्डबॉय यांना वगळू नका. फॉर्म देऊ नका, चहाला बसवून विचारा. कचऱ्याच्या लाल पिशवीत जायची सलाइनची नळी पिवळीत कोण टाकतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.