घाबऱ्या जिवाचा डबा

२६ जुलै २००५ची रात्र, मुंबईतल्या महापुराची, मी कलिन्यात एका अनोळखी इमारतीच्या जिन्यात काढली. तळमजला पाण्यात होता. सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली हे नंतर पेपरात वाचलं. त्या रात्री मी फक्त पायऱ्या मोजत होते. संध्याकाळी सातवी पायरी बुडाली होती, मध्यरात्री नववी.

त्यानंतर बारा वर्षं पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की माझे हातपाय गार पडायचे, छाती धडधडायची, घशाखाली घास उतरायचा नाही. हे दुखणं आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे मला २०१७ साली एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत कळलं. आता माझं पार्ल्यात पोळी-भाजी केंद्र आहे. डबा न्यायला येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, टेन्शनवर काय खाऊ?" त्यांना तुकड्या-तुकड्यांत सांगते ते इथे एकत्र लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. जेवणानं ती रात्र पुसली गेली नाही. मनावरच्या आघाताला मुख्य उपचार म्हणजे जाणकार माणसासोबत बसून त्या आठवणीवर काम करणं, आणि लागल्या तर डॉक्टरांच्या गोळ्या. पण उपाशी पोट, चहावर चहा, जागरण, रक्तातली एखादी कमतरता, यांनीही तशीच धडधड होते, तसाच घाम फुटतो. आधीच घाबरलेल्या जिवाला त्यातलं कुठलं कशामुळे हे कळत नाही. हे दुसरं घाबरं होणं आपल्याला घरच्या घरी बरंच कमी करता येतं. (छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, हातात किंवा जबड्यात कळ जात असेल तर मात्र हे वाचत बसू नका, आधी ईसीजी काढा.)

सुरुवात घड्याळापासून करा, पदार्थ नंतर. माझ्याकडे एक मुलगी विरारहून पार्ल्याला नोकरीला येते. सकाळी सहाच्या आत घर सोडायची, पोटात एक कप चहा आणि दोन खाऱ्या. बोरिवलीच्या आसपास तिला हटकून कापरं भरायचं. पोट बराच वेळ रिकामं राहून रक्तातली साखर उतरायला लागली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. थरथर, घाम, धडधड ही त्याचीच लक्षणं, आणि भीतीतही शरीर हेच रसायन सोडतं. तिला सांगितलं, चहाच्या आधी काहीतरी प्रथिनाचं खाऊन नीघ. उकडलेलं अंडं आणि अर्धी भाकरी, किंवा दुधात कालवलेलं सातूचं पीठ. पर्समध्ये फुटाणे-शेंगदाण्याची पुडी. दीड महिन्यानं म्हणाली, कापरं थांबलंय. गर्दीची धास्ती राहिली, त्यासाठी ती आता समुपदेशकाकडे जाते. मला हेच हवं होतं, की जे खरं दुखणं आहे ते वेगळं दिसावं.

साधारण तीन-चार तासांच्या वर पोट रिकामं ठेवू नका. श्रावणात, चतुर्थीला तर जास्तच जपा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. सकाळभर चहा आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी, असा उपास घाबऱ्या माणसाला सोसत नाही. त्याऐवजी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, दही, राजगिऱ्याची भाकरी. आणि औषधं चालू असतील, वजन उतरत असेल, किंवा धक्क्यानंतर खाणं लपवण्याची अथवा भराभर कोंबण्याची सवय लागली असेल, तर उपासही नको आणि कुठलं डाएटही नको. आधी डॉक्टरांशी बोला.

चहाबद्दल मला सगळ्यात जास्त शिव्या बसतात. दिवसाला पाच कप प्यायचे मी. कॅफिननं मूळ घाबरटपणा वाढतो, काहींना तर पॅनिकचा झटकाही येतो. ते अंगातून अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाच्या कटिंगातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला अंगातच असतं. झोप उडते, आणि झोप न झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी साधी कुकरची शिट्टी झाली तरी दचकायला होतं. एकदम सोडू नका, डोकं ठणकतं. मी आठवड्याला एक कप कमी केला, सगळ्यात आधी संध्याकाळचा. त्या जागी गवती चहा आणि आलं उकळून, चहाची पावडर न घालता. कप तोच, वेळ तीच, वाफ तीच. आता सकाळचे दोन उरलेत, आणि ते मी सोडणार नाही. दारूबद्दल एवढंच, की ती घेऊन लागलेली झोप मध्यरात्री मोडते आणि पहाटे छाती जास्त धडधडते.

मग पदार्थ. २०१७ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातला एक प्रयोग आमच्या डॉक्टरांनी सांगितला होता. ६७ माणसं, बारा आठवडे. डाळी, भाज्या, अख्खं धान्य, मासे, सुकामेवा असं जेवण ज्यांना शिकवलं त्यांचं नैराश्य दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झालं. तो प्रयोग नैराश्यावर होता आणि लहान होता, म्हणून त्यावर फार मोठं घर बांधू नका. पण ते जेवण आपल्याला परकं नाही. मुगाची उसळ, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, ताक, आणि आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली. हे तेलकट मासे ओमेगा-३ या चांगल्या स्निग्धांशासाठी. पंचाईत अशी, की पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, आणि माझा वाईट काळ नेमका तोच. तेव्हा मी जवसाची चटणी करते. जवस कोरडे, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजायचे, गार झाले की लसूण, सुकी मिरची, मीठ घालून भरड वाटायचे. जवसातला ओमेगा-३ माशातल्यापेक्षा वेगळा, शरीर त्यातला थोडाच भाग माशातल्यासारखा करून घेतं. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

आता गोळ्यांकडे येते, कारण इथे पैसेही जातात आणि नुकसानही होतं. कुठलीही बाटली घेण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉईडची तपासणी). थायरॉईड जास्त चालत असेल किंवा रक्त कमी असेल तर धडधड त्यानंच होते, आणि आपण उगाच मनाला दोष देत बसतो.

माझं बी-१२ १४८ आलं. साधारण २००च्या (पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली कमी धरतात. मी मासे खाणारी, मला वाटलं रिपोर्ट चुकला. डॉक्टरांनी विचारलं, पित्ताची गोळी किती वर्षं घेताय? घाबरून पोटात आग पडायची म्हणून मी सहा वर्षं रोज ती गोळी घेत होते. त्या गोळ्यांनी अन्नातलं बी-१२ नीट शोषलं जात नाही. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननंही तसं होतं, आणि शुद्ध शाकाहारी असाल तर रोजच्या जेवणात दूध-दह्याखेरीज बी-१२ मिळण्याची फारशी सोय नाही. इंजेक्शनं घेतल्यावर काही आठवड्यांत तळपायाच्या मुंग्या गेल्या, दुपारचं गळून जाणं गेलं. पावसाची भीती तशीच राहिली. पण तिच्याशी भांडायला अंगात त्राण आलं.

ड जीवनसत्त्वाचं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असतं, तेही ठरावीक आठवडेच. रोज घेऊ नका. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडाला त्रास होतो. लोहाची गोळी चहासोबत नको, लिंबू-पाण्यासोबत घ्या. मॅग्नेशियमबद्दल फार बोललं जातं, पुरावा मात्र तोकडा आहे. मी तीळ, भोपळ्याच्या बिया, बाजरी यांवर भागवते. किडनीचा आजार असेल तर ती गोळी विचारल्याशिवाय नकोच.

अश्वगंधा प्रत्येक घरात कुणीतरी सुचवतंच. काही लहान प्रयोगांत घाबरटपणा कमी झालेला दिसला आहे, हे खरं. पण क्वचित यकृताला सूज आल्याच्याही नोंदी आहेत, थायरॉईडच्या आकड्यांवर परिणाम होतो, झोपेच्या गोळ्यांसोबत गुंगी वाढते, आणि गरोदरपणी ती घेऊ नये. "आपलं आयुर्वेदिकच आहे" म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. ऑनलाइन मिळणारं सेंट जॉन्स वर्ट (एक विलायती वनस्पती) आणि ५-एचटीपी (मनासाठी म्हणून विकली जाणारी पूरक गोळी) तर सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रामसारख्या नैराश्य-चिंतेवरच्या गोळ्यांसोबत धोक्याचं आहे. ओपीडीला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, चूर्णं, पुड्या एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. चालू गोळी मनानं बंद करू नका. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात.

आघात झालेल्या माणसाच्या बाबतीत आणखी एक असतं, ते पुस्तकी आहारात येत नाही. त्या रात्री जिन्यात आम्ही ओलसर ग्लुकोज बिस्किटं वाटून खाल्ली होती. पुढे कितीतरी वर्षं त्या वासानं मला मळमळायचं. कितीही पौष्टिक असो, असा पदार्थ ताटात जबरदस्तीनं वाढू नका. घरातल्यांनीही आग्रह करू नये.

याउलट चवीची मदतही होते. माझ्या पर्समध्ये आमसुलांची छोटी डबी असते. छाती भरून यायला लागली की एक आमसूल जिभेखाली ठेवते. आधी मीठ लागतं, मग आंबटपणा जबड्याच्या कडांपर्यंत जातो, तोंडाला पाणी सुटतं. तेवढ्या वेळात समोरच्या वस्तूंची नावं घेते: पोळपाट, झारा, कॅलेंडर. मी आत्ता पार्ल्यात उभी आहे, जिन्यात नाही, हे अंगाला पटायला तेवढा वेळ पुरतो.

आणि ज्या रात्री घासच उतरत नाही त्या रात्री पेज करा. अर्धी वाटी तांदळाच्या कण्या, चार-पाच वाट्या पाणी, मीठ, मंद आचेवर कण्या फुटून पाणी दाटसर होईपर्यंत. वरून चमचाभर तूप आणि मेतकूट. कोमट झाली की वाडगा दोन्ही हातांत धरून प्या. दोन घोट गेले तरी पुरे. उरलेली झाकून ठेवा, तास-दीड तासानं भूक लागते.